सालफळ्यांचं घर

"मॅडम, सत्तेचाळीस नंबरवरची ती शेंदरी खूण आपली नाही हां. आपण पिवळा रंग मारलाय. ती आधीपासूनच होती," असं सांगून जुईली चहा आणायला गेली आणि मी सत्तेचाळीस नंबर उघडला. मंगळवारची दुपार होती. पौडाच्या पुढचा रस्ता रुंद व्हायचा होता, त्यात जाणाऱ्या बासष्ट बांधकामांची यादी जुन्या घरांची नोंद ठेवणाऱ्या आमच्या ऑफिसकडे आली होती; त्यातलं वाचवण्याजोगं काय ते ठरवून शुक्रवारी ती परत द्यायची होती. प्रत्येक बांधकामाचा एक फोटो, त्याखाली चार ओळी. फोटो जुईलीनं काढलेले, ओळी मी भरलेल्या. सत्तेचाळीसखाली मीच तीन आठवड्यांपूर्वी लिहिलं होतं : लाकडी खोपटं. मजुरांचं घर. वय अंदाजे शंभर वर्षे. वारसामूल्य, नाही. फोटोत एक काळपट, खडबडीत भिंत, पायथ्याशी घाणेरीची जाळी आणि कोपऱ्याच्या खांबावर हातभर शेंदरी पट्टा. रस्तेवाल्यांनी मोजणीची खूण केली असेल असं समजून मी तेव्हा पुढे गेले होते. आता फोटो मोठा केला. तो रंग नव्हता, शेंदूर होता, तेलात कालवून बोटांनी लावलेला. बोटांचे फराटे दिसत होते. खांबापासून तिसऱ्या फळीवर पत्र्याचा एक चौकोनी तुकडा ठोकलेला होता, तेलाच्या डब्याचा, आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक खिळा निखळून भोक राहिलं होतं. ते भोक मला माहीत होतं. आतल्या बाजूनं माहीत होतं. मी सहा वर्षांची असताना रोज सकाळी त्या भोकातून उन्हाची एक काडी यायची आणि माझ्या गोधडीवर पडायची, आणि मी ती मुठीत धरायला बघायचे.

जुईलीनं आणलेल्या चहावर साय धरली तरी मी तशीच बसून होते. ज्या घरात मी जन्मले, पाचवीपर्यंत वाढले, ते मला ओळखू आलं नव्हतं. वकिली करायची तर कारणं होती. फोटो मागून काढलेला होता. मागं नुसता उतार आणि काटेरी रान, नवा रस्ता तिकडूनच यायचा. आम्हा पोरांना तिकडं जायची बंदी होती. आपलीच पाठ आपल्याला कुठं दिसते? आणि यादीत गावाचं नाव नव्हतं, नुसते किलोमीटर होते. पण कारणं काही असोत, बोट माझंच होतं. एका क्षणात दाबलेलं 'नाही'. गेली बारा वर्षं मी पुण्यातली जुनी घरं मोजते. महिरपी, तुळया, नक्षीचे खांब, रंगीत काचांच्या खिडक्या, बर्मा सागाचे जिने. एखाद्या बंगल्याच्या जिन्याच्या कठड्यावर मी दोन-दोन पानं लिहिली आहेत, आणि लिहिताना मला स्वतःचं कौतुकही वाटलेलं आहे. तो कठडा ज्या फळीतून काढला ती फळी कुणी चिरली, हे एकदाही लिहिलं नाही. लिहिण्याजोगं असतं ते मालकाचं नाव, फार तर मिस्त्रीचं. माझा आजा बाजी आयुष्यभर लाकूड चिरत होता आणि मी बारा वर्षं त्या लाकडावरची नक्षी मोजत होते, आणि या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्या नव्हत्या. लाज वाटली. मग राग आला, आणि रागाचं मला बरं असतं. राग आला की माझे हात चालायला लागतात.

मनीष सरांच्या केबिनमध्ये गेले. ते भले आहेत, पण त्यांना पाल्हाळ चालत नाही. फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं. "तुझं घर?" म्हटलं, हो. "मग मी म्हणेन की तू यात पडूच नकोस. पडायचंच असेल तर पहिल्याच ओळीत लिही की घर तुझं आहे. आणि भावनेला कॉलम नाहीये, सोनिया. तीनच कॉलम आहेत. इतिहास, कारागिरी, लोकांशी नातं. तिन्हींत पुराव्यासकट काहीतरी भर. नाहीतर 'नाही' तसंच राहू दे. यादी बघणारे सरळ विचारतील, साग आहे का, कोरीवकाम आहे का, कुणी मोठा माणूस राहून गेलाय का." मी म्हटलं, साग नाही, कोरीवकाम नाही, मोठा माणूस तर मुळीच नाही. "मग काय आहे?" "उद्या रजा हवी," मी म्हटलं. "शुक्रवारी अकरा वाजता यादी जाणार," ते म्हणाले, आणि पुन्हा फोनला लागले.

महाळुंग्यात आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. सकाळी गॅलरीतून बघितलं की चहूबाजूंना अर्धवट इमारती आणि त्यांच्या डोक्यावरच्या क्रेन दिसतात. बुधवारी सातलाच स्कूटी काढली. नांदे-चांद्यावरून घोटवडं, तिथून पौड. चांद्यात एका नव्या गेटवर भलामोठा लाकडी दरवाजा बसवत होते, चार माणसं त्याला धरून उभी होती आणि पाचवा हिंदीत ओरडत होता. पौड सोडलं, गारठा बोटांत शिरला, आणि नाकाला आपोआप भुशाचा वास यायला लागला. रस्त्यावर भुसा नव्हता कुठं. वास माझ्या डोक्यात होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, हात वर-खाली करून दाखवत सांगायचे ते आठवत गेलं. ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवायचा. गेरूत भिजवलेली दोरी ताणून सोडायची की लाकडावर तांबडी रेघ उमटते. करवत माणसापेक्षा उंच. एक गडी ओंडक्यावर उभा, एक खाली. वरच्याला रेघ दिसते, करवत तो राखतो. खालच्यानं नुसती ओढायची. त्याला रेघ दिसत नाही, आकाश दिसत नाही, वरून भुसा डोळ्यांत पडतो. म्हणून खालचा गडी कायम मान खाली घालून असायचा आणि वरचा म्हणेल ते खरं मानायचा. धरणाचं पाणी चढलं, खालची गावं उठून वर आली, ज्याला-त्याला घर बांधायचं होतं, त्यात ठेकेदारांचे बंगले, कोठ्या. त्या दिवसांत बाजी आणि त्याचा भाऊ बहिरू मेंढरं धाकट्यांच्या ताब्यात देऊन करवतीला लागले. चिरलेली फळी ठेकेदाराची. पण ओंडका चिरताना चारी बाजूंनी पहिली जी निघते, एका अंगाला सपाट आणि दुसऱ्या अंगाला गोल, साल चिकटलेली, ती सालफळी कुणाच्या कामाची नसते. ती चिरणाऱ्यानं जळणाला न्यायची. या दोघांनी ती जाळली नाही. साठवली. आणि तिचंच घर बांधलं. सपाट अंग आत, साल बाहेर. बाहेरून बघणाऱ्याला ते ढलप्यांचं खोपटं दिसायचं आणि आत भिंती अशा गुळगुळीत की मी त्यांच्यावर कोळशानं बाराखडी गिरवली. नऊ मैलांवरच्या बंगल्यांत त्याच झाडांच्या फळ्या होत्या. झाडाचं आतलं त्यांच्याकडे, वरचं आमच्याकडे. ताम्हिणीच्या बाजूनं येणाऱ्या एका टेम्पोनं हॉर्न वाजवला आणि माझ्या लक्षात आलं, मी रस्त्याच्या मधोमध चालले होते. पण पहिला कॉलम भरला होता.

भागूबाई आत्या दारात शेळीच्या करडाला बाटलीनं दूध पाजत बसली होती. ती अण्णांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर तिशीतच माहेरी परत आली आणि या घरातच राहिली. माझा भाऊ सिद्धनाथ वाडीच्या खालच्या अंगाला स्लॅबच्या घरात राहतो, तिला दहादा म्हणाला की चल तिकडं. ती जात नाही. मला बघून तिनं करडू बाजूला केलं. "मदीच कशी आलीस गं? कायी झालं का?" म्हटलं, घर वाचवायला आलेय. ती हसली. तिचे उरलेले तीनही दात दिसले. "वाचवायचं? का म्हनून? पडू दे की. म्या तर वाट बगतुया." मी सांगायला लागले, मोजणी, यादी, तीन कॉलम, आणि ती चुलीकडे वळून म्हणाली, "च्या घे आदी. पुन्यासनं उपाशी आली आसशील."

मी चहा घेतला आणि कामाला लागले. टेप, कागद, कॅमेरा. माणसांपेक्षा भिंतींशी माझं बरं जमतं. हिवाळ्यातलं तिरपं ऊन दारातून आत येऊन डाव्या भिंतीवर पडलं होतं आणि त्या उजेडात करवतीच्या खुणा उठून दिसत होत्या. लहानपणी मी त्यांच्यावरून बोटं फिरवायचे तेव्हा त्या नुसत्या रेघा होत्या. आता वाचता येत होत्या. यंत्राच्या करवतीच्या खुणा सारख्या असतात. ह्या वाकड्या, दमलेल्या, मध्येच थांबलेल्या. प्रत्येक रेघेला एक कल होता. वरचा आणि खालचा गडी सारख्या उंचीचे असतील तर करवत जवळजवळ उभी चालते. खालचा बुटका असला की ती त्याच्या अंगाला कलते. डावी भिंत, उजवी भिंत, पुढची भिंत, सगळीकडे खुणा उभ्या. बाजी आणि बहिरू. मग मी मागच्या भिंतीशी आले, पत्र्याच्या तुकड्याच्या आतल्या बाजूला, आणि हात थांबला. इथं कल वेगळा होता. चांगला तिरपा. खाली कुणीतरी दुसरं होतं, बुटकं, आखूड हाताचं. रेघा जवळजवळ पडल्या होत्या, म्हणजे एका ओढीला करवत कमी उतरत होती. "आत्या, मागची भिंत कुणी चिरली?" ती शेंगा निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आईनं." मी म्हटलं, आजीनं, सारजाबाईनं? करवत? "बहिरूकाका तापानं ग्येला. मंग खालचा गडी कुटनं आनायचा? रोजाला दुसरा घेतला तर हाती काय ऱ्हातंय? आई हुबी ऱ्हायली. डोक्याला फडकं बांदायची आनि हुबी ऱ्हायाची. तिचं डोळं कायम लाल. आमाला वाटायचं, लोकाच्या आयांचं बी तसंच आसत्यात."

बारा वर्षांत मी चिरणाऱ्या बाईचं नाव कुठल्याही कागदावर वाचलेलं नाही. लगेच मनात आलं, दुसरा कॉलम. असं मन आहे माझं. त्याची मला कधी घाण वाटते, कधी त्याच्यावाचून भागत नाही. मी मागच्या कोपऱ्यातल्या मेढीकडे वळले. आमच्याकडे घराच्या खांबाला मेढ म्हणतात. घरातल्या बाकीच्या मेढी म्हणजे वाकड्यातिकड्या फांद्या, नुसत्या तासलेल्या. ही एकटीच चिरलेली, सरळ, धारेला धार. मी टेप लावायला म्हणून तिच्यावर कोपर टेकवलं आणि आत्या ओरडली, "टेकू नगंस!" माझं कोपर आपोआप मागं आलं. पस्तीस वर्षांपूर्वी याच मेढीला दप्तर अडकवलं म्हणून मला या बाईनं थोबाडीत दिली होती. घरातला पहिला नियम तो होता. मागच्या मेढीला टेकायचं नाही, खिळा मारायचा नाही, दोरी बांधायची नाही. का, ते कुणी सांगत नसे. देवाचं असेल असं समजून आम्ही मोठे झालो. मी खाली तिच्यासमोर बसले. म्हटलं, आत्या, आता सांग. नाहीतर परवा एक यंत्र येईल, मेढीला विचारणार नाही, टेकणारही नाही, सरळ उचलून ट्रकात टाकेल.

तिनं शेंगांचं सूप खाली ठेवलं. "ती आपली न्हाई," ती म्हणाली. "वाघजाईच्या राईतली हाय." मग थोडी-थोडी करून बोलली. राई म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं रान, तिथली काडी कुणी उचलत नाही. झाड मोडून पडलं तरी तिथंच कुजतं. एका पावसाळ्यात राईतलं एक थोरलं किंजळीचं झाड पडलं. त्याच साली देऊळही कोसळलं होतं. गावानं देवीला कौल लावला आणि त्या झाडाच्या चार मेढी फक्त देवळासाठी काढायचं ठरलं. चिरायला बाजी वर, सारजाबाई खाली. ती तेव्हा पोटूशी होती, आणि इकडं घराचा मागचा कोपरा खचला होता; फांदीची मेढ वाळवीनं खाल्ली होती. "बानं दोरी मारताना जरा-जरा सरकावली. आईला खालनं काय दिसतंय? झालं तवा चाराच्या जागी पाच मेढी. पाचवी आंदारात घरी आली. आईला कळलं तवा ती तीन दिस जेवली न्हाई. पर मेढ हुबी क्येलती, मी व्हनार हुती, डोक्यावं छप्पर पायजे. मंग आईनं सबूद दिला द्येवीला. घर हुबं हाय तवर उसनी. घर पडलं की राईत परत. तवर तिला कुनी टेकायचं न्हाई. मागनं, राईकडच्या आंगाला, नवरात्रात शेंदूर लावायचा." तिनं नाक पुसलं. "मी जलमल्यापासनं ह्या मेढीकडं पाठ क्येली न्हाई. आन तू घर वाचीवतीस. पडू दे, सोने. मी हाय तवर पडू दे. शिदूला सांगून ठिवलंय, ट्रक येयाच्या आदी मेढ राईत न्ह्याची."

एक बाई सत्तरहून जास्त वर्षं घर पडायची वाट बघते आहे, त्या घरातच राहून, त्याच्या छपराखाली. आणि मी आलेय टेप घेऊन. पण हट्ट माझ्यातही बाजीचाच आहे. मी म्हटलं, आत्या, हे सगळं मी लिहिते. तिनं माझं मनगट धरलं. तिची पकड अजून शेळी आवरणारीची आहे. "लिव्हायचं न्हाई. बाजीनं द्येवीची चोरी क्येली, आसं सरकारच्या कागदावं लिव्हनार व्हय तू? गावात तोंड कसं दावू?" म्हटलं, ही मेढ सोडून घराचा काळ सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही, हीच एक गोष्ट आहे की जिला दुसरीकडे पुरावा असेल, देवळात. ही सोडून लिहिलं तर पुन्हा 'नाही' पडेल. "मंग पडू दे 'न्हाई'," ती म्हणाली. करडू येऊन तिच्या मांडीत शिरलं. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, यंदा शेंदूर तूच लावलास? मागं उतरलीस कशी?

"सा वरसं झाली," ती म्हणाली. "गुडघं ग्येलं तवापासनं मागं पाय ठिवला न्हाई. शिदूला सांगावं तर का म्हनून इचारंल. त्याचाच घोर हाय मला. सा वरसं द्येवी कोरडी हाय."

मी मोबाइल काढला. जुईलीचा फोटो मोठा करून तिच्यापुढे धरला. तिला आधी दिसेना. मी शेंदराच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. ओला वाटावा इतका ताजा. बोटांचे फराटे. ती बघत राहिली, मग पदरानं काच पुसली, मग माझ्याकडे बघितलं. "कुनी?" एवढंच.

मी उठले आणि देवळाकडे निघाले. देऊळ वाडीपासून पाच मिनिटांच्या चढावर, राईच्या कडेला आहे. आत शिरलं की ऊन तुटतं आणि पानांचा थंड, कुबट वास येतो. पत्रा नवीन, फरशी नवीन, पण मेढी त्याच. चार. मी देवीच्या पाया पडायच्या आधी मेढीवर टेप लावला, देवी मला ओळखून असेल. चारी मेढी एका अंगानं आठ इंच, दुसऱ्या अंगानं सहा. देवळाच्या मेढी चौरस असतात. या आठ-आठच्या व्हायच्या होत्या. चौघींच्या कुशीतून दोन-दोन इंच काढून पाचवी निघाली होती. आणि चौघींवरही खुणा तिरप्या, जवळजवळ, आखूड हाताच्या. चौकटीवर कोरलं होतं, शके १८७०. म्हणजे एकोणीसशे अठ्ठेचाळीस. आत्याच्या आधार कार्डावर वय कुणीतरी अंदाजानं टाकलेलं आहे. तिचं खरं जन्मवर्ष मला तिथं देवळाच्या दारात मिळालं. मागून कुणीतरी खाकरलं. भिकू गुरव. ऐंशी पार केलेला, देवीची पूजा त्याच्याच घराण्याकडे. माझ्या हातातला टेप बघून म्हणाला, "बाजीची नात न्हवं का तू? आट आन सा. मोजायचं काम न्हाई, मला पाठ हाय."

मी म्हटलं, भिकूआबा, आमच्या मागच्या मेढीला शेंदूर कोण लावतं? तो पायरीवर बसला. "म्या. भागूचं गुडघं ग्येलं न्हवं का. पायलं, यका नवरात्रात मेढ कोरडी. म्हनलं, आसं बरं न्हवं." मी विचारलं, मग तुम्हाला माहीत आहे? तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू विचारतोय, ही शाळेत शिकली तरी कशी. "समद्या वाडीला ठावं हाय, पोरी. माजा बा तितंच हुबा हुता चिरताना. बाजीनं दोरी सरकावल्याली त्येनं पायली. गावकीत इषय निगाला. यक म्हनला दंड करा, यक म्हनला वाळीत टाका. मंग जुनी मान्सं म्हनली, पोटूशी बाई द्येवीच्या कामाला खाली हुबी ऱ्हायली, डोळ्यात भुसा घ्येतला, कुनी गडी हुबा न्हाई ऱ्हायला. तिला द्येवीनं मेढ दिली आसं समजू. पर बोलायचं न्हाई. बोललं की उंद्या समदीच म्हनत्याल, आमाला बी दिली, आन कुऱ्हाडी घिऊन राईत शिरत्याल. म्हनून गप." तो राईकडे बघत होता. मी विचारलं, आता लिहिलं तर चालेल? "लिव्ह की. आता कुऱ्हाडवाला कोन ऱ्हायलाय वाडीत? आता येत्यात ती यंत्रं, ती काय आयकून येत्यात व्हय?"

मी त्याला हाताला धरून खाली आणलं. त्यानं आत्याला तेच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत, दारात उभं राहून. आत्या ऐकत होती आणि तिचा चेहरा लाल होत गेला. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. ती उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि भिकूवर तुटून पडली. "आरं भिकू, तुजं तोंड जळालं हुतं का? सत्त्याहत्तर वरसं! आमी संगट शेरडं राखली, तवा सांगता आलं न्हाई? नवरा ग्येला तवा मला वाटलं, मेढीमुळं ग्येला. माजं मूल जगलं न्हाई तवा बी वाटलं. आई मरताना ह्येच बोलत मेली. आन तुमाला समद्यांस्नी ठावं हुतं?" भिकू मान खाली घालून उभा होता. "आमास्नी वाटायचं, तुमाला ठावं हाय की आमास्नी ठावं हाय," तो पुटपुटला. "आमी म्हनायचो, बाजीचं घर लई मानी, बोलत न्हाईत." तिनं हातातली शेंगांची मूठभर फोलपटं त्याच्या अंगावर फेकली. ती झटकलीही नाहीत त्यानं. मी मध्ये पडले नाही. सारजाबाईचं मरतानाचं बोलणं, आत्याची सत्त्याहत्तर वर्षं, कोरड्या गेलेल्या नवरात्रांचा घोर, हे सगळं एका गप्प राहण्यामुळे. आणि त्याच गप्प राहण्यामुळे राई उभी. यातलं कुठलं कुठल्या कॉलमात टाकायचं, मला ठरवता येत नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्याची घाई वाटली नाही.

आत्या दमली. खाली बसायच्या बेतात होती, मग बसली नाही. भिंतीचा आधार घेत मागच्या कोपऱ्याशी गेली. मेढीसमोर उभी राहिली, तिला नखशिखांत बघितलं, एखाद्या सासुरवाशिणीला बघावं तसं. हात जोडले. मग वळली आणि मेढीला पाठ लावली. आधी नुसती टेकवली, मग सगळा भार टाकला; खांदे, कंबर, डोकं. वर छपरातून थोडी माती पडली. मेढ हलली नाही. "लई सरळ हाय गं," ती म्हणाली, "पाठीला बरं वाटतंय." तिनं डोळे मिटले होते आणि आता ती रडत होती, पण आवाज नव्हता. भिकू दारात तसाच उभा. थोड्या वेळानं डोळे न उघडताच तिनं विचारलं, "पडल्यावर मेढ परत द्यायचीच हाय. त्यो आईचा सबूद हाय, गावाचा न्हाई. ह्ये बी लिव्हशील?"

"लिहीन."

"मंग काड फोटू. मागनं नगं. हितनं काड."

मी काढला. मग उंबऱ्यावर बसले, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि सत्तेचाळीस नंबर उघडला. पहिल्या ओळीत लिहिलं की या घरात मी जन्मले. मग जुनं सगळं पुसलं, खोपटं, मजुरांचं, अंदाजे, नाही, सगळं, आणि पुन्हा सुरुवात केली : मागची भिंत आणि मागची मेढ, चिरणार सारजाबाई, शके १८७०. मालकाच्या रकान्यात दोन नावं टाकली. घर भागूबाईचं, मेढ वाघजाईची, घर उभं आहे तोवर उसनी. मनीष सर विचारतील, हे काय आहे. विचारू देत. शुक्रवारी अकराला मी त्यांच्यासमोर असेन, आणि त्यानंतर जिथं जिथं हा कागद जाईल तिथं तिथं त्याच्यामागं असेन. मी वर बघितलं. आत्या अजून टेकूनच होती आणि भिकूला म्हणत होती, "हुबा का ऱ्हायलास? ये, बस की. च्या टाकते. जरा येळानं टाकते."